बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्या तारखेपाशी थांबतात. कुणी दोष देतो, कुणी पाठराखण करतो. दोघांच्याही लेखी प्रश्न तिथे संपतो. १९०७ साली रमाबाईंनी लिहिलेली साक्ष वेगळंच सांगते. ख्रिस्ती धर्म हाती आला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून भेटला नव्हता, असं त्या मोकळेपणाने मांडतात. त्याला आणखी आठेक वर्षं लागली. मला ही आठ वर्षं फार मोलाची वाटतात.

ख्रिस्ती धर्माची ओढ लागली ती बाप्तिस्म्याआधी, लंडनच्या फुलहॅम भागात. वाँटेजच्या मठातल्या भगिनी तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळत. ज्यांना आपल्याकडे उंबऱ्यापाशीही कुणी उभं करत नाही, त्यांच्यासाठी एवढं कशाला, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकवली गेली. ती गोष्टच मुळी ओळख पटत जाण्याची आहे. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर पाणी मागणारा माणूस तिला आधी केवळ परका यहुदी वाटतो, मग संदेष्टा. हा ख्रिस्त तर नसेल, ही शंका येते त्यानंतर. आणि शंका फिटायची वाट न बघता ती घागर तिथेच टाकून गावात धावते, लोकांना बोलावते.

रमाबाईंचंही तसंच झालं. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी त्र्यैक्याच्या सिद्धांतावर, येशूच्या ईश्वरत्वावर, चर्चच्या अधिकारावर वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. इथल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारून आलेली ही बाई दुसरं जोखड मानेवर घेणार नव्हती. भगिनींना यात अहंकार दिसला. मला त्यात निष्ठा दिसते. पटलं नसताना हो म्हणणं त्यांना येशूशी खोटं वागणं वाटत होतं.

पुढे १८९१ च्या सुमारास, विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन सुरू झाल्यावर, त्यांना उमगलं की आपण अजूनही पात्रता कमावतो आहोत: संस्कारांनी, पश्चात्तापाने, सत्कर्मांनी. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थं आणि व्रतं करत पुण्याचा संचय केला, तोच हिशेब नव्या धर्मात चालू होता. विहिरीवरच्या त्या स्त्रीकडे कुणी पात्रता मागितली नव्हती. आहे तशी मी तुझी, असं म्हणून स्वतःला येशूच्या स्वाधीन करणं, एवढंच उरलं होतं. विश्वासाचा हा अर्थ त्यांना स्वतःला उमगलेला होता, म्हणून तो टिकला.

त्यानंतरच्या दुष्काळात त्यांनी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो स्त्रिया आणि मुली आल्या. फुलहॅममध्ये पाहिलेल्या स्त्रियांसारख्यांसाठी तिथे कृपा सदन उभं राहिलं. प्रश्न विचारणंही थांबलं नाही. दुसऱ्याच्या अर्थावर विसंबायचं नाही म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना वाचता यावं असं संपूर्ण बायबल मराठीत आणलं.