तू पड जरा, मी आहे

शिडाची लहान बोट धक्क्यावरून सुटते तेव्हा फारसा गाजावाजा होत नाही. आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, मग कोणता दोर शेवटी सोडायचा ते ठरवायचं. वारा बोटीला धक्क्यापासून लोटत असेल तर काम सोपं. धक्क्यावरच दाबत असेल तर मागचा दोर राखून नाळ आधी बाहेर काढावी लागते. एकजण सुकाणूशी, एकजण दोरांशी. दोर सोडणाऱ्याने शेवटच्या क्षणी आत पाय टाकायचा, ओला दोर गुंडाळून ठेवायचा. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हातभर पाणी दिसू लागतं, मग वावभर. एवढ्यात प्रवास सुरू झालेला असतो. नवरा-बायको दोघंच अशा बोटीतून महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं जायला निघतात, तेव्हा धक्क्यावर निरोपाला उभी असलेली माणसं हेवा आणि काळजी दोन्ही घेऊन घरी परततात. हेवा बहुधा एकाच गोष्टीचा असतो: आता हे दोघं चोवीस तास एकमेकांबरोबर.

माझ्या मते हा हेवा चुकीच्या गोष्टीचा आहे. दोघांची बोट समुद्रात असते तेव्हा ती दोघं एकमेकांना फार थोडी भेटतात. एक जागा असतो, तेव्हा दुसऱ्याने झोपायचं असतं.

आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांच्या मनात समुद्रप्रवासाचं चित्र वेगळं आहे. आमच्याकडे समुद्रावर जायचं ते पुरुषाने आणि किनाऱ्यावर राहायचं ते बाईने. माझे वडील बोटीवर होते. ‘बोटीवर’ या एका शब्दात आमच्या भागात नोकरीही कळते आणि घराची तऱ्हाही. ते मालवाहू जहाजावर खलाशी होते. एकदा गेले की आठ-नऊ महिने नाहीत. नारळीपौर्णिमेला गावातले कोळी नारळ घेऊन समुद्रावर जात, तेव्हा आमचं घर दर्यावर होडी घालणारं नसूनही आई एक नारळ त्यांच्याबरोबर द्यायची. तिची वाट पाहणं कधी बोलण्यात आलं नाही. ते तिच्या वागण्यात होतं. जेवणं झाल्यावर ती एका माणसापुरता भात झाकून ठेवायची, आणि सकाळी त्याला फोडणी द्यायची. कोकणातल्या हजारो घरांतून हे असं वाटून घेतलेलं होतं: प्रवास एकाकडे, वाट पाहणं दुसऱ्याकडे.

म्हणून जोडपं एकाच बोटीतून निघालं की मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की मग वाट पाहण्याचं काय होतं? धक्क्यावर कुणी राहिलेलंच नसतं. (म्हातारे आईवडील राहिलेले असतात, हे विसरून चालणार नाही. अशा प्रवासांची किंमत पुष्कळदा तेच मोजतात, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.) या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं: वाट पाहणं बोटीत चढतं. आठ महिन्यांचं एकसंध राहत नाही, त्याचे तीन-तीन, चार-चार तासांचे तुकडे होतात.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही, त्यामागे समुद्राचा कायदा आहे. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी 1972 साली ठरलेले आणि 1977 पासून लागू असलेले आंतरराष्ट्रीय नियम आजही सगळ्या जहाजांना आणि होड्यांना लागू आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ, डोळ्यांनी आणि कानांनी, योग्य टेहळणी ठेवली पाहिजे. सदासर्वकाळ म्हणजे रात्रीही, पावसातही, थकल्यावरही. त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. लहान बोटीत बसलेल्या माणसाची नजर पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंच असते. त्याला क्षितिज दिसतं ते पाच-साडेपाच किलोमीटरवर. मोठ्या जहाजाचे दिवे उंचावर असल्यामुळे त्याहून लांबून दिसतात, पण ते जहाज ताशी 20 सागरी मैलांनी, म्हणजे 37 किलोमीटरच्या वेगाने येत असतं. दिवा दिसल्यापासून ते अंगावर येईपर्यंत 15-20 मिनिटं मिळतात. एकटा माणूस हा नियम पाळूच शकत नाही, कारण त्याला कधीतरी झोपावं लागतं. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे घड्याळ लावून पंधरा-वीस मिनिटांच्या डुलक्या काढतात आणि उरलेलं दैवावर सोडतात. त्यांचं धाडस मोठंच आहे. पण समुद्राच्या नियमाने पाहिलं तर माणसाची सगळ्यात लहान पुरी संख्या दोन आहे.

आता यंत्रं आली आहेत. जवळ येणाऱ्या जहाजाची सूचना ती आवाज करून देतात, आणि वाऱ्याच्या पात्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू बोट ठरल्या दिशेने नेत राहतं. सुकाणू सतत हातात धरावं लागत नाही, हा फार मोठा आराम आहे. पण दिवा न लावलेली मासेमारी होडी, तरंगतं जाळं किंवा जहाजावरून पडून अर्धवट बुडालेला कंटेनर त्या यंत्रांना दिसेलच असं नाही. माणूस जागा लागतोच.

पहारा बदलतानाचा क्षण जवळून पाहावा असा आहे. रात्रीचे दोन. खाली, बोटीच्या पोटात, एकजण अरुंद बिछान्यात झोपलेला आहे. बोट कलती असते, म्हणून बिछान्याच्या उघड्या कडेला जाड कापड वर ताणून बांधलेलं असतं. त्या झोळीत माणूस घरंगळून न पडता झोपतो. वरून पहाऱ्यावरचं माणूस खाली येतं आणि झोपलेल्याच्या पायाला हात लावतं. उठलेला कपडे चढवतो, छातीवरचा पट्टा आवळतो, पट्ट्याची दोरी बोटीच्या कडीत अडकवतो. मग मोजकंच बोलणं. दिशा अमुक, वारा थोडा मागे गेलाय, उजवीकडे एक दिवा आहे पण तो लांब जातोय, शीड एकदा आवळलंय, ढग आला तर मला उठव. चहाचं पाणी थर्मासमध्ये आहे. एवढं सांगून पहारा संपलेला माणूस खाली उतरतो आणि त्याच बिछान्यात शिरतो. खवळलेल्या समुद्रात नीट झोप येईल असा बिछाना बोटीत बहुतेकदा एकच असतो. तो अजून ऊबदार असतो. समुद्रावरच्या जोडप्याला दिवसेंदिवस परस्परांचा जो स्पर्श मिळतो तो पुष्कळदा एवढाच: पायाला लागलेला हात आणि बिछान्यात राहिलेली दुसऱ्याची ऊब.

वर बसलेल्याला एक नियम कसोशीने पाळावा लागतो. दुसऱ्याला उठवल्याशिवाय बसायच्या खोलगट जागेतून बाहेर, पुढे डेकवर जायचं नाही. शीड फडफडू दे, दोर अडकू दे, आधी उठव. पाण्यात पडल्याची हाक वाऱ्यात ऐकू जात नाही, आणि बोट पुढे जात राहते. खालच्याला जाग येईल तेव्हा पहाऱ्याची जागा रिकामी असेल. अशी बोट चालवणाऱ्या कुठल्याही जोडप्याला विचारलं तर मोठ्या लाटांपेक्षा या रिकाम्या जागेची भीती अधिक असल्याचं कळेल. म्हणजे जागं असणाऱ्याने झोपलेल्याला सांभाळायचं, ते स्वतःला सांभाळून. आपल्या घरांतून कर्तेपणाची जी कल्पना आहे, की दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून सगळं एकट्याने निस्तरावं, ती इथे प्राणघातक ठरते. हाक मारणं हे इथे कर्तव्य आहे.

मॉरिस आणि मॅरलिन बेली या इंग्रज जोडप्याची गोष्ट याच संदर्भात मला पुन्हा पुन्हा आठवते. डर्बी शहरात राहणारी ही साधी नोकरदार माणसं. घर विकून त्यांनी 31 फुटांची बोट घेतली, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिला ‘ऑरलिन’ नाव दिलं आणि जून 1972 मध्ये ती न्यूझीलंडला जाऊन वसायला निघाली. बोट चालवण्याची विद्या मॉरिसची. मॅरलिनला पोहताही येत नव्हतं. बाहेरच्या जगाची ढवळाढवळ नको म्हणून संदेश पाठवणारा रेडिओ त्यांनी मुद्दाम घेतला नव्हता. अटलांटिक पार झाला, पनामा कालवा ओलांडला आणि गॅलापागोस बेटांच्या वाटेवर 4 मार्च 1973 च्या सकाळी एका देवमाशाच्या धडकेने बोटीला भोक पडलं. तासाभरात ती बुडाली. एक हवेचा तराफा आणि त्याला बांधलेली एक रबरी होडी, एवढ्यावर दोघं 117 दिवस पॅसिफिकमध्ये तरंगत राहिली. सेफ्टी पिना वाकवून गळ केले, मासे, कासवं, पक्षी कच्चे खाल्ले, पावसाचं पाणी साठवलं. एकामागून एक सात जहाजं त्यांना न पाहता निघून गेली. 30 जूनला दक्षिण कोरियाच्या ‘वोल्मी 306’ या मासेमारी जहाजाने त्यांना वर घेतलं.

यातलं चिवटपण सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. बोट बुडाली आणि दोघांमधली कामाची वाटणीही बुडाली. ज्याच्या हातात सगळी विद्या होती तो मॉरिस स्वतःला दोष देत खचत गेला. मॅरलिन रोजनिशी लिहीत राहिली, कागदाचे पत्ते करून खेळ मांडत राहिली, न मिळणाऱ्या जेवणांचे बेत ठरवत राहिली. पुढची बोट कशी असावी, तिच्यात स्वयंपाकाची जागा कुठे, सामान कुठे, याचे आराखडे त्या तराफ्यावर झाले. त्या 117 दिवसांत एकाच्या मनाने डोळे मिटले होते आणि दुसरीने दोघांच्या वतीने पहारा दिला, असं मी या गोष्टीकडे पाहते. पुढे त्यांनी खरोखरच दुसरी ‘ऑरलिन’ बांधली आणि पॅटागोनियापर्यंत जाऊन आली. लोक याला वेड म्हणाले असतील. मला त्यात एका जोडप्याने एकमेकांची पुरती पारख केल्याचं दिसतं. तराफ्यावर ज्याच्या भरवशावर जगलो, त्याच्याबरोबर पुन्हा धक्का सोडायला भीती कसली?

अशा जोडप्यांवर पलायनाचा आरोप होतो. कर्ज, नोकरी, नातेवाईक यांना कंटाळून पळाले, असं. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याचं उदाहरण या आरोपापुढे ठेवावंसं वाटतं. त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःच्या हातांनी ‘सेराफिन’ नावाची लाकडी बोट बांधली. लांबी 24 फूट आणि काही इंच, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम खोलीच्या दुप्पट. इंजिन नाही. 1968 साली बोट पाण्यात उतरली, 1969 मध्ये दोघं निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून परतायला त्यांना 11 वर्षं लागली. पुढे दुसरी बोट, तीही स्वतः बांधलेली, तिच्यातूनही तेच. ज्याला पळायचं असतं तो लाकूड रंधत वर्षं घालवत नाही. आणि पळून माणूस कुठे जातो, तर जिथे जबाबदारी कमी आहे तिथे. इंजिन नसलेल्या बोटीवर दर तीन-चार तासांनी दुसऱ्याचा जीव आपल्या हवाली होतो. एवढी जबाबदारी आपल्या भक्कम भिंतींच्या घरात आपण एकमेकांची कधी घेतो?

ही गोष्ट केवळ नवरा-बायकोची आहे असंही मी मानत नाही. आपल्या मांडवीच्या काठी ती अलीकडेच घडली. गोव्यात दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली नौदलाची 56 फुटी ‘तारिणी’ 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आली होती. 2 ऑक्टोबर 2024 ला तीच बोट गोव्याहून पुन्हा निघाली, तेव्हा तिच्यावर दोघीच होत्या: लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन एवढेच थांबे. केप हॉर्न ओलांडून 25 हजारांहून अधिक सागरी मैल कापून त्या 29 मे 2025 ला गोव्यात परतल्या. सहाजणींत पहारा वाटला की झोपेला लांब सलग वेळ मिळतो. दोघींत तो अर्धा-अर्धाच. एक केरळची, एक पुदुच्चेरीची. नातं रक्ताचं नाही, लग्नाचंही नाही. तरी आठ महिने एकीची झोप दुसरीच्या डोळ्यांवर उभी होती.

आपल्या भाषेत याला फार साधं वाक्य आहे. आजाऱ्याच्या उशाशी रात्रपाळीला बसलेल्याला पहाटे कुणीतरी येऊन म्हणतं, तू पड जरा, मी आहे. मयताच्या घरात म्हणतात, तान्ह्या बाळाच्या घरात म्हणतात. ‘मी आहे’ म्हणजे मी जागं आहे, हे ऐकणाऱ्याला फोड करून सांगावं लागत नाही. सहजीवनावर आपण पुष्कळ बोलतो, पण ते बहुतेक एकत्र जेवण्याचं, एकत्र फिरण्याचं, एकत्र बसून बोलण्याचं बोलणं असतं. दुसऱ्यावर टाकून गाढ झोपता येणं, आणि दुसऱ्याला तसं झोपू देण्याची लायकी अंगी असणं, ही मोजपट्टी आपण लावत नाही. धक्का सोडणाऱ्या जोडप्याला ती पहिल्याच रात्री लावावी लागते.

बाबा कायमचे घरी आले तेव्हा साठीला आले होते. बोटीवर त्यांचा पहारा पहाटे चार ते आठ असायचा. घरी आल्यावरही पावणेचारला त्यांना जाग यायची आणि ते अंधारात ओटीवर येऊन बसायचे. समोर माड, पलीकडे समुद्राचा आवाज. सुरुवातीला आई कूस बदलून झोपायची. काही महिन्यांनी तीही उठू लागली. चूल पेटायची, कोरा चहा व्हायचा. दोघं फारसं बोलायची नाहीत. मग साडेपाचच्या सुमाराला कपबश्या उचलताना आई म्हणायची, “तुम्ही पडा आता, मी आहे.” आणि बाबा, ज्यांनी तीस वर्षांत आठ वाजल्याशिवाय पहारा सोडला नव्हता, उठून आत जायचे, आईच्या अंथरुणावर आडवे व्हायचे आणि लगेच झोपायचे.