परत लावून पाहणे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची एक वही हाती लागली. आईच्या तोंडून ऐकलेली आखाजीची गाणी मी तरुणपणी तीत उतरून घेतली होती. जळगावचा भाचा शेजारीच बसला होता. त्याचे काम संगणकाचे. एकच मोठा हिशेब गावोगावच्या यंत्रांवर वाटून ठेवायचा, असे काहीसे. मी जरा ऐटीतच म्हणालो, “बघ, जतन करणं आम्ही तुझ्याआधी शिकलो.”

तो हसला. “मामा, प्रत काढणं सोपं असतं. आमच्याकडे प्रत्येक तुकडा बहुधा तीन यंत्रांवर असतो. एक बंद पडलं तर दुसरं काम चालवतं. पण कोणी चुकून एखादं कोष्टक पुसलं, तर ती चूकही तिन्हीकडे पोचते! म्हणून एका ठरल्या क्षणाची प्रत वेगळी काढून ठेवावी लागते. सगळे तुकडे त्याच क्षणाचे हवेत. नाहीतर एकाच्या खात्यातून पैसे गेलेले दिसतात आणि दुसऱ्याच्या खात्यात आलेले दिसत नाहीत. आणि खरं सांगू? ती प्रत परत लावून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबायचं नाही.”

ते शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. एखादी गोष्ट जपून ठेवली, की आपले कर्तव्य संपते काय?

इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी दारोदार हिंडले आणि १८९८ पासून ते कागद खंडाखंडांनी छापीत गेले. एका घरातले दप्तर त्यामुळे अनेक घरांत पोचले. १९२६ साली ते धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. पण कपाटात ठेवलेला मोडी कागद बोलू लागतो तो मोडी वाचणारा कोणी आला म्हणजेच. जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. जे टिपायचे राहिले, ते त्यांच्याबरोबरच गेले.

“मग लावून बघा की!” भाचा म्हणाला.

मी वही उघडली आणि पहिलेच गाणे म्हणायला गेलो. शब्द सगळे होते, चाल आठवेना. वही लिहिली तेव्हा आई दिवसभर गुणगुणत असे. चालही हरवू शकते, हे तेव्हा मनातही आले नव्हते. आज आई नाही. इतकी वर्षे वही आहे म्हणून मी निर्धास्त होतो, आणि त्या निर्धास्तपणातच गाणी गेली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन धुळ्याला मावशीकडे गेलो. अकरा गाण्यांपैकी दोनच तिला चालीसकट येत होती. बाकीच्यांवरून तिने नुसता हात फिरवला.

ती दोन आता माझी नात म्हणते. चुकली की मावशी तिला फोनवरून दटावते.