अभिनंदनाचा ठराव

विधिमंडळात जे ठराव होतात, त्यांत अभिनंदनाच्या ठरावाइतका सोज्ज्वळ ठराव दुसरा नसावा. त्याला कलमे नसतात, त्यात दंड नसतो आणि त्याविरुद्ध कोणी न्यायालयात जात नाही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्षही घटकाभर एका सुरात बाके वाजवतात. खेळाडूंनी सामना जिंकावा, सभागृहाने शाबासकी द्यावी. यात कुणाचे काय बिघडते?

बिघडत काही नाही. पण घडते तरी काय, हा प्रश्न मला पडतो.

२९ जून २०२४ रोजी भारताने बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषक जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला. दुसऱ्या दिवशी विधानभवनात रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा सत्कार झाला आणि मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघाला ११ कोटी रुपये जाहीर केले. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचे आमदार, तेव्हाचे विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी तिजोरीतून पैसे देण्यास हरकत घेतली. मग वाद पैशांचाच झाला. मला मात्र पैशांपेक्षा शब्दांची चिंता वाटते. भरल्या गाड्यास सूप जड होत नाही. आदल्या दिवशीच्या त्या जयघोषात सभागृहाच्या शब्दाने कितीशी भर पडली असेल? उलट विजेत्याच्या शेजारी उभे राहिले की उभे राहणाराच थोडा उजळून निघतो.

ठराव या शब्दाला आमच्याकडे आणखी एक अर्थ आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या बाजूला मेंढा (लेखा) नावाचे लहानसे गोंड गाव आहे. २००९ मध्ये त्याला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने निर्णय घेते. एकाला पटले नाही तर सगळे थांबतात. आणि जंगल राखायचे ठरले, तर ज्यांनी होकार दिला तेच राखायला जातात. तिथे ठराव म्हणजे दुसऱ्याविषयी बोललेले गोड वाक्य नव्हे. ती स्वतःला मारून घेतलेली गाठ असते.

अभिनंदनालाही अशी गाठ असू शकते काय? मला वाटते, असते. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा हातात पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीत ज्यांनी जयजयकार केला, त्यांना तो करण्याचा अधिकार होता. त्यांनी पदकाच्या आधीच स्वतःला बांधून घेतले होते.

सरकारलाही हे साधत नाही असे नाही. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले एव्हरेस्टवर पोचली: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास कातमोडे आणि विकास सोयाम. 'मिशन शौर्य' ही सरकारचीच योजना. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख असे महिनोन्महिने शिक्षण त्यांना आधी मिळाले. आधी दोरखंड, मग हार. तिथे कौतुक पोकळ वाटले नाही. पण त्या हाराने एक ऋणही गळ्यात घातले. शिखरावर पाच मुले गेली. ज्या शाळांतून ती गेली, त्यांत मागे राहिलेल्या शेकडो मुलांसाठी धड क्रीडांगण, शिक्षक आणि पोटभर जेवण पाहणे, हा त्या अभिनंदनाचाच उरलेला भाग आहे.

घरातही निराळे काय असते? दिवाळीला जमलेल्या गोतावळ्यात "शाब्बास पोरी!" म्हणणारे काका पुष्कळ भेटतात. पहाटे तिच्या अभ्यासासाठी चूल पेटवून चहा ठेवणारी आजी एखादीच. काकांची शाबासकी खोटी नसते. तीही पोरीला हवीच असते. पण ती आजीकडे पाहून हसते ते वेगळे.

म्हणून अभिनंदनाचे ठराव बंद करा, असे मी म्हणणार नाही. बाके जरूर वाजवावीत. फक्त ठरावाच्या शेवटी एक ओळ वाढवावी: 'आणि यासाठी हे सभागृह पुढील काम अंगावर घेत आहे.' ती ओळ लिहिताना लेखणी अडखळली, तर ठराव पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबवावा. मेंढ्यातली माणसे थांबतातच की!