विकणाऱ्याचें मौन

नागपुरांतील एखाद्या परवानाधारकास आपलें जुनें रिव्हॉल्व्हर दुसऱ्या परवानाधारकास विकावयाचें झाल्यास, 1959 चा शस्त्र-कायदा त्याला लेखी सूचना देऊन 45 दिवस थांबावयास लावतो. घेणारा कोण, याची ही चौकशी योग्यच होय. पण शस्त्र कसें आहे, हें कोणी सांगावयाचें?

जाणता ग्राहक प्रथम चक्र उघडून सर्व घरें रिकामीं असल्याची खात्री करून घेतो. मग घोडा सावकाश चढवितो. त्या वेळीं चक्र जागच्या जागीं अडकलें पाहिजे, आणि चढलेला घोडा अंगठ्यानें रेटला तरी पडतां कामा नये. चक्राचें घर नळीशीं सरळ रेषेंत आलें नाहीं, तर गोळीचें शिसें खरवडलें जाऊन त्याच्या कपच्या मधल्या फटींतून बाजूला उडतात. चाप ओढणारा बहुधा वांचतो. लागतें तें शेजारीं उभ्या असलेल्यास.

सदोष घर विकणाऱ्यानें दोष सांगावा कीं नाहीं, यावरील दोन स्टोइकांचा वाद सिसरोनें इ. स. पूर्व 44 मध्यें लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत दिला आहे. डायोजेनीस म्हणतो, घेण्याची सक्ती कोणी केली? अँटिपेटरच्या मतें असें मौन वाटसरूस वाट न दाखविण्याहूनही वाईट. घरापुरतें डायोजेनीसचें म्हणणें निदान ऐकून घेतां येईल. तेथें नुकसान घेणाऱ्याचेंच. येथें मात्र कपची ज्याला लागावयाची, तो या सौद्यांत कोठेंच नाहीं. ‘पाहून घ्या’ असें त्याला कोणीं म्हटलें? चक्र सैल असल्याचें सांगितल्यास किंमत उतरेल, कदाचित् सौदाही मोडेल. मोडूं द्यावा.