दैत्याचे पाळण्यातले नाव

गेल्या दिवाळीत माझा भाचा अमेरिकेहून आला, तेव्हा त्याच्या सामानात एक पत्र्याचा डबा होता. बहिणीने खाऊ पाठवला असेल म्हणून उघडून पाहतो, तो आत पत्ते! तेही आपले इस्पिक-बदाम नव्हेत. दैत्य, जादूगार, ड्रॅगन अशी चित्रे असलेले. काझुकी ताकाहाशी ह्या जपानी चित्रकाराने १९९६ साली ‘यू-गी-ओ’ ही चित्रकथा सुरू केली. तिच्यातल्या खेळावरून कोनामी कंपनीने १९९९ साली खरेच पत्ते काढले आणि २००२ साली ते इंग्रजीत अमेरिकेत पोचले. त्या वर्षी भाचा आठ वर्षांचा होता. आता त्याच्या डोक्यावरचे केस विरळ होऊ लागले आहेत, पण डबा काही सुटलेला नाही.

चिवड्याचा हात पुसून त्याने एक पान माझ्यापुढे ठेवले. “मामा, हा आमचा जुना पैलवान.”

शिंगे, पंख आणि हाडे उघडी पडलेले अंग. नाव ‘समन्ड स्कल’, म्हणजे पाचारलेली कवटी. माझे मॅट्रिकचे इंग्रजी एवढ्याला पुरले. सहा तारे, मारा २५००, बचाव १२००. ह्या खेळात चार ताऱ्यांपर्यंतचा गडी तसाच मांडता येतो. पाच-सहा ताऱ्यांच्या गड्यासाठी आपलाच एक गडी बळी द्यावा लागतो, आणि त्यावरच्यासाठी दोन. कथानायकाचा लाडका ‘डार्क मॅजिशियन’ ह्याचाही मारा २५००च. पण तो सात ताऱ्यांचा, म्हणून दोन बळी मागतो. आमचा पैलवान एकात भागवी. त्या काळी चार ताऱ्यांचे चांगले गडी १८००-१९०० पाशी थांबत, तेव्हा हा उतरला म्हणजे समोरच्या पोराचा चेहरा कसा होई, ते भाच्याने मला करून दाखवले.

पानाचे जपानी नाव मात्र ‘देमोन नो शोकान’. म्हणजे दैत्याचे आवाहन. मुलांच्या हाती द्यायच्या पानावर सैतान, नरक असले शब्द अमेरिकेतल्या आवृत्तीत टाळत असत. म्हणून अनुवादात दैत्य गेला आणि कवटी आली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. कवटीने कुणाचे काय बिघडते?

बिघडले २००३ च्या अखेरीस. त्या वेळी इंग्रजीत दैत्यांचे एक सबंध घराणेच आले. बुद्धिबळासारखे राजा, राणी, हत्ती, उंट, प्यादे. जपानीत ही मंडळी नावात ‘देमोन’ लावतात, इंग्रजीत ‘आर्चफीन्ड’. आणि ह्या खेळाचा कायदा नावावर चालतो: ज्याच्या नावात तो शब्द, तो कुळातला. कुळातला असण्याला मोल होते. ‘पँडमोनियम’ हे पान मांडलेले असताना कुळातला गडी लढाईवाचून नष्ट झाला, तर त्याच्या मालकाला कमी ताऱ्यांचा दुसरा कुळबंधू गड्डीतून हाती घेता येई. जपानीत आमचा पैलवान जन्मतःच त्या घरचा. इंग्रजीत मात्र दारात नाव विचारले, तर बिचाऱ्यापाशी उत्तर नाही! शेवटी पुढच्या छपाईत पानावर कंसात एक ओळ आली, की हे पान सदैव ‘आर्चफीन्ड’ मानले जाते.

उलटाही घोटाळा झाला. ‘फ्रॉग द जॅम’ हे पान जपानी नियमाने बेडकांच्या कुळातले नाही. इंग्रजी नावात उगीच ‘फ्रॉग’ आला. मग दुसऱ्या बेडकांच्या पानांवर ‘फ्रॉग द जॅम सोडून’ असे छापणे आले. पुढे त्याचे नावच बदलून ‘स्लाइम टोड’ करून टाकले.

भाच्याला ही दुसरी तऱ्हा पसंत. चूक पुसली, पान स्वच्छ झाले. मला कंसातली ओळ बरी वाटते. ती दिसायला कुरूप, पण झाले ते लपवीत नाही. ह्यावर आम्ही शंकरपाळ्यांचा डबा संपेपर्यंत भांडलो. अनुवादकाला मी दोष देत होतो असे मात्र नाही. ह्या नावाला पुढे किंमत येईल, हे त्याला कसे कळावे? हेतू चांगलाच होता. पण नाव बदलणाऱ्याला समोरचा एक जीव दिसतो, त्याचे गणगोत दिसत नाही.

हे मी भाच्याला बोललो खरा, आणि मग गप्प बसलो.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिलीत एक मुलगा दाखल झाला. आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून आजीने त्याचे नाव दगडधोंड्यांच्या वळणाचे ठेवले होते. पोरे चिडवतील म्हणून मी जनरल रजिस्टरात त्याला एका देवाचे नाव दिले. बाप म्हणाला, “बरं केलंत, गुरुजी.” मलाही बरे वाटले. गेल्या वर्षी आजी वारली. तिने मृत्युपत्रात जमिनीचा तुकडा नातवाला ठेवला होता, अर्थात तिने हाक मारली त्या नावाने. आणि त्या नावाचा माणूस कुठल्याच कागदावर नव्हता. कचेरीचे हेलपाटे झाले. अखेर प्रतिज्ञापत्र करावे लागले, की अमुक उर्फ तमुक ही एकच व्यक्ती. साक्षीला मी गेलो.

सही करून बाहेर आलो, तेव्हा त्याने विचारले, “गुरुजी, ते नाव वाईट होतं का हो?”

“नाही रे,” मी म्हणालो.

मग बदलले कशाला, असे त्याने विचारले नाही. थोडे चालल्यावर एवढेच म्हणाला, “घरी अजून त्याच नावानं हाक मारतात.”