मोफत, पण कोणाच्या पदरचे?

बेळगावहून स्तवनिधीला निघालो की गाडी हायवेला लागण्याआधी ह्यांचा एक थांबा ठरलेला असतो. पेट्रोल घालायचे आणि चारी चाकांत हवा बघायची. पुढे घाट आहे, हवा बघितलेली बरी, हे त्यांचे नेहमीचे म्हणणे. गेल्या उन्हाळ्यात असेच निघालो. हे केबिनमध्ये पावती घ्यायला गेले आणि हवेच्या मशीनपाशी गाडीत मी एकटीच बसून होते. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला. एकेका चाकापाशी उकिडवा बसून त्याने टोपण काढले, पाईप लावला, 33 चा आकडा येईपर्यंत थांबला, टोपण लावले. ऊन मी म्हणत होते. "स्टेपनी पण बघू काय आक्का?" त्याने विचारले. मी म्हटले, बघ. तीही बघून झाली. मग तो काचेपाशी येऊन म्हणाला, "वीस रुपये द्या की आक्का."

मशीनच्या वरच बोर्ड होता, 'हवा मोफत'. मी बोट दाखवले. "मोफत लिहिलंय की इथं. मग पैसे कशाचे?"

बोर्डाकडे न बघताच तो म्हणाला, "हवेचे नव्हं आक्का. मला ह्याचा पगार नाही. लोक देतात तेवढंच."

"ते तुझ्या मालकाला सांग," असे म्हणून मी काच वर केली. गाडी सुटल्यावर ह्यांना सगळे सांगितले, थोडे अभिमानानेच. वीस रुपयांचा प्रश्न नाही, नियमाचा प्रश्न आहे, असेही म्हणाले. हे काही बोलले नाहीत.

नियम खरोखरच आपल्या बाजूला आहे. हवा मोफत द्यावी, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे, तक्रारवही ठेवावी, असे पेट्रोल कंपन्यांनी पंपचालकांना घालून दिलेले आहे. आणि हा नियम शहाणपणाचा आहे. पंक्चर नसले तरी टायरमधली हवा हळूहळू कमी होतच असते. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, तापतो आणि वेगात असताना फुटू शकतो. पेट्रोल जास्त जाते ते वेगळेच. हवेला पैसे पडले तर मोटारवाला कुरकुरत देईल. पण स्कूटरवरून दिवसभर लोकांची पार्सले पोचवणारा पोरगा 'उद्या बघू' म्हणेल. त्याचा टायर फुटला तर पडणार तो, आणि कदाचित त्याच्या शेजारून जाणारा दुसराच कोणी. म्हणजे ही मोफत हवा एकट्या गाडीवाल्याची सोय नाही, रस्त्यावरच्या सगळ्यांची राखण आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही आपली चार दाने. त्यांत हिला कुठे बसवायचे म्हटले तर अभयदानात बसवता येईल.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर ह्याचा कायदाच आहे. पेट्रोल घेणाऱ्या ग्राहकाला हवा, पाणी आणि हवेचा दाब मोजायचे साधन पंपाने फुकट द्यायचे. पण तिथे गाडीवाला स्वतः खाली वाकतो आणि स्वतःच पाईप लावतो. मशीन काही पगार मागत नाही. आपल्याकडे पाईपाच्या टोकाला एक माणूस असतो. मी बोर्ड वाचला आणि तेवढा माणूस वाचायचा राहिला.

आपल्याला हवेची किंमत हा शब्दच सहन होत नाही, त्यालाही कारण आहे. आपला धर्म हवेलाही जीव मानतो. वायुकायिक जीव आपण लहानपणी पाठशाळेत घोकलेले आहेत. वाऱ्याचा मालक कोण होणार? म्हणून कोणी हवेचे पैसे मागितले की आपल्याला चटकन राग येतो, आणि तो राग आपल्याला धर्माचाच वाटतो. पण त्या मुलाने हवेचे पैसे मागितलेच नव्हते. 'हवेचे नव्हं' असे त्याने स्वच्छ सांगितले होते.

स्तवनिधीला दर्शन झाले. जपाला बसले, पण मन लागेना. बाहेर येऊन सावलीत टेकले आणि एकदम माहेरची पाणपोई आठवली. चिकोडीकडच्या आमच्या गावात आजोबा महावीर जयंतीला पाणपोई सुरू करायचे, ती पाऊस पडेपर्यंत. तिथे एक म्हातारी बाई असायची. विहिरीचे पाणी ओढायचे, दुहेरी कापडातून गाळायचे, रांजण भरायचे आणि येईल त्याच्या ओंजळीत तांब्याने ओतायचे, हे तिचे काम. कोणी वाटसरू चार आणे देऊ लागला तर ती हात मागे घ्यायची. "अण्णांनी दिल्यात," म्हणायची. आणि अण्णांनी खरेच दिलेले असायचे. बाजाराच्या दिवशी आमच्या घरची पिशवी निघायच्या आधी तिची मजुरी निघायची. एकदा आजी म्हणाली, एवढ्याशा पाणपोईला केवढा हा खर्च! तेव्हा आजोबा म्हणाले, "पाणी विहिरीचं आहे, ते देणारा मी कोण? तिची मजुरी तेवढी मी देतो. माझं दान तेवढंच."

लहानपणी हे वाक्य मला विनोदी वाटले होते. त्या दिवशी ते नीट कळले. पाणपोईवर ज्याचे नाव, त्याच्याच पदरचे पैसे. पंपावर मोफतचा बोर्ड मालकाचा, पण ती हवा भरून देणारा मुलगा स्वतःच्या पदरचे देतो आहे. त्याची पाठ, त्याचे ऊन, त्याचा दिवस. दुसऱ्याच्या पदरचे दान करून आपले नाव लावणे, ह्याला आपल्याकडे दान म्हणत नाहीत. न दिलेले घेणे म्हणजे चोरी, हे आपल्याला पाठ आहे. मापात कमी-जास्त करणे हा अचौर्य व्रताचा अतिचार, हेही माहीत आहे. पेट्रोल घालताना काट्यावर शून्य आहे का, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. माणसाच्या कष्टाच्या मापावर शून्य दिसले तर मात्र आपल्याला ते आपल्या फायद्याचे वाटते. मालकाने त्याचे काम न देता घेतले. त्याच्यामागून मीही घेतले, आणि वर नियम दाखवून घेतले.

येताना मी हट्टाने गाडी त्याच पंपाकडे वळवायला लावली. केबिनमध्ये जाऊन तक्रारवही मागितली. हवा भरणाऱ्याला पगार द्यावा असे लिहायचे मी ठरवले होते. मॅनेजर म्हणाला, "त्यानं पैसे मागितले काय मॅडम? लिहा तुम्ही. तसाही तो आमच्या हजेरीवर नाही. उद्यापासून उभा करत नाही त्याला."

माझा हात थांबला. तक्रार मालकाची, पण पडणार मुलावर. वही मिटून परत दिली आणि तोंडीच म्हणाले, "त्याला काढू नका, हजेरीवर घ्या. बोर्डावर मोफत लिहिलंय ते तुमच्या पदरचं असू दे." तो हसला. "सांगतो मालकांना," म्हणाला. सांगितले असेल असे मला वाटत नाही.

बाहेर येऊन मुलाला वीस रुपये दिले. "सकाळचे," एवढेच म्हणाले. त्याने नोट खिशात घातली आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. आभार मानले नाहीत, आणि मानायचे कारणही नव्हते. ते दान नव्हते, राहिलेले देणे होते.

पण ह्याने प्रश्न मिटला असे मी म्हणणार नाही. मी दिले म्हणजे मालक सुटला. सगळे देऊ लागले की ते दहा-वीस रुपये ठरूनच जातील, आणि स्कूटरवाल्या पोरालाही मागितले जातील. आणि नाही दिले तर मुलाचा दिवस फुकट जातो. दोन्हीकडून कोणाचे तरी माप कमी भरते. ह्याचे पुरते उत्तर मला अजून सापडलेले नाही. मला एवढेच जमते. समोर वाकलेल्या माणसाचे देणे तिथल्या तिथे द्यायचे, त्याला बक्षिशी म्हणायचे नाही, आणि दर वेळी केबिनमध्ये जाऊन, ह्याला तुम्ही काय देता, असे विचारायचे. एकटीने विचारले तर ते हसतात. दहाजणींनी विचारले तर कदाचित हसणार नाहीत.

विचारायला जाण्याआधी मात्र आपले घरही बघून घ्यावे लागते. "जाता जाता एवढी दोन भांडी घासून जा ग," असे आपण कामवालीला किती सहज म्हणतो. ती दोन भांडी आपल्याला मोफत पडतात, कोणाच्या पदरची ते आपण बघत नाही. आमच्या मंडळाच्या शिबिरात भांड्याला येणाऱ्या दोघींना दर वर्षी बाहेरच्यापेक्षा कमीच दिले जाते. धर्माचे काम आहे ना, असे म्हणून. पावती मात्र दात्याच्या नावाने फाटते. धर्म आपला आणि सूट त्यांच्याकडून, असा हा हिशेब आजवर मलाही कधी खटकला नव्हता.

येत्या दशलक्षण पर्वात पुन्हा शिबिर आहे. 'भोजनाची मोफत व्यवस्था' असे पत्रिकेवर छापायचे ठरले आहे. ते छापायला देण्याआधी त्या दोघींची मजुरी ठरवू या, असे मी बैठकीत म्हणणार आहे. काहीजणींना ते आवडणार नाही, हे मला आत्ताच दिसते आहे.