पळीभर तेलाची तरतूद

पाचोरा-भडगावकडची माणसे पाटणादेवीला जातात ती दर्शनाला, फार तर पावसाळ्यात धबधबा पाहायला. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या पाटणच्या शिलालेखाकडे क्वचितच कुणी वळते. १२०७ सालचा हा लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे आणि घराण्यातल्या इतर ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने इथे मठ काढला आणि या मुलखावर सत्ता असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला उत्पन्न लावून दिले. लेख बहुतांशी संस्कृतात आहे. राजांची वंशावळ, पूर्वजांची थोरवी, सगळे श्लोकांत. देण्याघेण्याची पाळी आली की मात्र तो सरळ मराठीवर उतरतो. पेठेत विकायला आलेल्या मालावरचा राजाचा वाटा मठाला, आणि घाण्यामागे पळीभर तेल. विद्या पुढे जायची तर रात्री मठात दिवा लागला पाहिजे आणि दिव्याला तेल लागते, इतका साधा हिशेब.

भावी पिढ्यांसाठी झिजणाऱ्यांचे आपले कौतुक चंदन आणि पणतीवर भागते. त्यांनी किती सोसले ते सांगायचे, हात जोडायचे आणि मोकळे व्हायचे. माझे म्हणणे असे की सोसणे हे या कामाचे मोजमापच नव्हे. ज्याचे फळ पन्नास-शंभर वर्षांनी यायचे, ते काम आजच्या माणसाच्या रोजच्या मिळकतीशी जोडलेले आहे की नाही, हे पाहावे. यावर कुणी म्हणेल, पाटणचा मठ तरी कुठे टिकला? नाही टिकला. शिवाय दाता देत होता तो पुण्यासाठी. त्याच्या लेखी फळ परलोकात मिळणार होते, नातवंडांच्या पदरात नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दानपत्रे चंद्रसूर्य असेपर्यंतची भाषा बोलत असली, तरी तरतूद असते ती चार-दोन पिढ्यांचीच, आणि विद्येला तेवढे पुरते. तोवर ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातात गेलेली असते. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत नेली. त्याचे श्रेय पाटणला देता येणार नाही. पण ग्रंथ साडेचारशे वर्षे जिवंत राहतो, तो अशा कित्येक ठिकाणी कुणी ना कुणी शिकवणाऱ्यांची सोय लावलेली असते म्हणून.

धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत हाच विचार पुढे सरकलेला दिसतो, आणि इथे दाता नाही, पुण्य नाही, शिलालेखही नाही. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर तीनचारशे वर्षांपूर्वी बंधारे घालून पाट काढले गेले. ते बांधणाऱ्या हातांची नावे कुणाला माहीत नाहीत. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे. ऊस एका फडात असेल तर दुसऱ्यात कमी पाण्याचे पीक, एखादा फड पडीक किंवा नुसत्या पावसावर. पुढच्या वर्षी पाळी फिरते. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असते, त्यामुळे उसाचा लाभ आणि पडीक राहण्याचा तोटा दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येतात. पाणी पाटकरी देतो, पिके जागल्या राखतो, पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. नातवासाठी बंधारा राखा, असे इथे कुणाला सांगावे लागत नाही. यंदाचे पाणी हवे असेल तर यंदाचा गाळ काढणे भाग आहे आणि त्यातच नातवाचा बंधारा राखला जातो. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते. फडात ज्याची जमीनच नाही त्याच्या नातवाला यातले काही मिळणार नव्हते. फार तर जागल्याचे काम. भावी पिढी म्हणजे नेमकी कुणाची पिढी, हा प्रश्न पाटणला पडला नाही आणि फडालाही पडला नाही. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याला त्याला स्वतःच्या उसापुरते पाणी मिळू लागले, आणि बरेच फड मोडले. आजची गरज सुटली तशी उद्याची काळजीही सुटली.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा अडसर आहे तो वि. का. राजवाड्यांचा. या माणसाने कसली तरतूद केली? मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर आधी अस्सल कागद हाती हवेत, म्हणून गावोगाव फिरून त्यांनी वाळवीच्या तोंडातली दप्तरे सोडवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, एकूण बावीस झाले. म्हणजे त्यांनी फळच नव्हे, कामाचा शेवटही पुढच्यांवर सोडला. कच्चा माल ठेवतो, घर तुम्ही बांधा. स्वभाव तापट, कुठल्या संस्थेशी फार काळ जुळवून घेणे जमले नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि ९ जानेवारी १९२७ रोजी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचा धातुकोश छापून निघाला १९३७ मध्ये. तरतूद झाली, पण ती करणारे दुसरे होते. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आज कुणी मानत नाही, याने मात्र काही बिघडत नाही. कागद छापून ठेवल्यामुळेच त्यांच्या मतांना खोडणे शक्य झाले. पुढच्यांना आपल्याशी भांडता येईल अशी सोय करून जाणे, ही पाटणच्या मठापेक्षा निराळी आणि माझ्या मते मोठी देणगी आहे.

राहतो तो आजचा आक्षेप, आणि तो खरा बोचरा आहे. पीककर्ज डोक्यावर असलेल्या कपाशीवाल्याला पुढच्या पिढीचे कसले सांगता? गिरणा नदीवरच्या सात बलून, म्हणजे फुगवायच्या रबरी बंधाऱ्यांच्या नुसत्या चर्चा ऐकत पाचोऱ्यातली माणसे पोक्त झाली. त्यातले परधाडे आणि कुरंगी याच तालुक्यातले. दरम्यान नदीतली वाळू ट्रॅक्टरने जाते. ती पाणी धरून ठेवते, काठच्या विहिरी तिच्यावर जगतात, हे ट्रॅक्टरवाल्यालाही ठाऊक आहे. पण त्याची मजुरी संध्याकाळी मिळते आणि विहीर आटायची ती दुसऱ्या कुणाची, पाच-दहा वर्षांनी. त्याला उपदेश करणे निरर्थक आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकापासून जंगल राखले, ते उपदेशावर नव्हे. तोडणाऱ्याला दंड ठेवला, राखणदारी गावाने स्वतःकडे घेतली, आणि झाडे मोठी होण्याची वाट न पाहता रानभाज्या, विहिरींचे पाणी, दुसरे पीक यांतून गावाच्या हाती काही ना काही येत राहिले. गिरणाकाठी हे जसेच्या तसे होणार नाही. बारीपाडा एक लहानसा पाडा आहे. गिरणेला तालुक्यातालुक्यांत वेगवेगळे धनी आहेत आणि वाळूला बाहेरून गिऱ्हाईक आहे. पण काठच्या विहिरीवाल्यांना वाळूच्या निर्णयात मत आणि मजुराला नदीकाठीच दुसरे काम, एवढ्यापासून सुरुवात करण्यासाठी बंधाऱ्यांची वाट पाहावी लागत नाही.